धक्क्याखालची ठिगळं

आमच्या वानुआ लेवू बेटावर जहाजधक्क्याच्या काँक्रीटच्या तुळयांना तडे गेले, तेव्हा ब्रिस्बेनच्या एका कंपनीनं गावातल्या चौघांना ठिगळं लावायला शिकवलं. त्यांतला विलिकेसा माझा जुना विद्यार्थी. पाढे त्याला कधी आले नाहीत, पण हे काम हातात असं बसलं, की प्रमाणपत्र त्याला एकट्यालाच मिळालं. त्या कागदावर तो कुठल्याही बेटावर मिस्त्री म्हणून जाऊ शकत होता. नाहीतर आयुष्यभर हमाली.

ओहोटी लागली की तो तराफ्यावर उताणा पडून तुळईचा तळ घासायचा, तड्यात राळ भरायचा, मग राळेत भिजवलेलं कार्बनचं काळं कापड चिकटवून रुळानं आतली हवा काढायचा. सुकलं की नाण्यानं ठोकून पाहायचा. एकदा मलाही तराफ्यावर नेलं.

“ऐका मास्तर, हे भरीव. पोकळ कसं वाजतं ते ऐकायचं असेल तर डोकं इकडे करा.”

“तुला शिकवूनच पोकळ झालंय रे ते!”

शेवटची तुळई पुरती सुकली नव्हती. तरी मुकादम डॅरिलनं घाईनं कापड लावायला लावलं. दुसऱ्या दिवशी काय झालं, ते विलिकेसानं त्याच संध्याकाळी मला सांगितलं.

“बॉस, हे पोकळ वाजतंय. काढून पुन्हा लावू या.”

“शनिवारी मंत्री येताहेत. वरून रंग मार. ते काय तुळईखाली लोळणार आहेत?”

पाच महिन्यांनी ते कापड सुटून पाण्यावर लोंबू लागलं आणि धक्का बंद झाला. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणत डॅरिलनं हात झटकले.

चौकशी फोनवर झाली. प्रमाणपत्र राहणार की जाणार, हे तिच्यावरच होतं. कायद्याची इंग्रजी समजावी म्हणून विलिकेसानं मला शेजारी बसवलं. टेबलावरच्या फोनमधून चौकशी-अधिकारी बाईंनी विचारलं, “पोकळ आवाज आल्याचं तुम्ही मुकादमाला सांगितलं होतं का?”

मी तो प्रश्न त्याला त्याच्या भाषेत सांगितला. त्यानं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

आमच्याकडे ‘हो’ म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया वर गेल्या की झालं. वर्गात मी हजेरीसुद्धा तशीच घेत आलो. मी मान डोलावली. बाईंनी पुन्हा विचारलं. त्यानं भुवया आणखी वर नेल्या.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “आणखी काही सांगायचंय?”

“नाही, मॅडम. थँक यू.”

फोन बंद करून तो हसला. “झालं, मास्तर. पटलं त्यांना.”

अहवाल आला: दोनदा विचारूनही उत्तर दिले नाही. प्रमाणपत्र रद्द.

मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. उत्तराला सात आठवडे लागले. ते घेऊन बंद धक्क्याशेजारच्या किनाऱ्यावर गेलो, तर विलिकेसा बोटीत खोबऱ्याची पोती चढवत होता.

“काय म्हणतात?”

“बोलणं रेकॉर्ड केलं होतं, ते पुन्हा ऐकलं म्हणे. त्यात तुझं उत्तर नाही.”

“पण तुम्ही पाहिलंत ना?”

“पाहिलं. तसंच लिहिलं.”

“मग?”

“पाहिलेलं त्यांना चालत नाही, विली. ऐकलेलं लागतं. चूक माझी. मी तरी तोंडानं ‘हो’ म्हणायला हवं होतं.”

असू द्या, असं तो म्हणाला नाही. पुढचं पोतं त्यानं खांद्यावर घेतलं.

“सरका, मास्तर. वाटेत उभे आहात.”