भाऊजी, पाणबुडी आणि संकष्टीचे पाहुणे

हवा बिघडली की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळत. त्यांना पोहता येत नव्हतं, खाडीतल्या होडीत नुसता पाय ठेवला तरी पोटात ढवळायचं. पण नव्वदीच्या दशकात घरात कॉम्प्युटर आला, कोणीतरी त्यात पाणबुडीचा गेम घालून दिला आणि तेव्हापासून भाऊजी कारखान्यातून सुटले की थेट अटलांटिक महासागरात जाऊ लागले. गेममध्ये स्वच्छ ऊन पडलं की ते वैतागत. "लख्ख उजेडात कोणीही जहाज बुडवील, त्यात कसलं आलंय कसब?" वादळ आलं की मात्र स्वारी खूश. लाटा पेरिस्कोपवरून जायला लागल्या की पाणबुडी खोल न्यायची आणि चहा मागवायचा. "वर कितीही धिंगाणा चालू दे, खाली एकदम निवांत," असं ते समजावून सांगत. त्यावर ताई म्हणे, "हो, लग्न झाल्यापासून बघतेय मी."

पण खरा जीव धुक्यावर. धुकं पडलं की पेरिस्कोपमधून दह्याच्या भांड्यात डोकावल्यासारखं दिसायचं. मग भाऊजी इंजिन बंद करत, हेडफोन चढवत, डोळे मिटून घेत आणि नुसत्या आवाजावरून जहाज हेरत. त्यासाठी घरातला पंखा बंद, नळ बंद, दारावरच्या बेलमधला सेल काढून खिशात. एकदा ऐन धुक्यात कुकरची शिट्टी झाली. "अगं, गॅस बंद कर, जहाज निसटेल." "अहो, भात कच्चा राहील." "राहू दे. युद्धात काय पोटभर जेवण मिळतं?" त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी टणक भात चावला आणि भाऊजींनी एक तेलवाहू जहाज बुडवलं. जेवताना त्यांनी ते कसं बुडवलं हे वाटी, चमचा आणि लोणच्याची बरणी मांडून दाखवलं. बरणी शत्रूची होती, त्यामुळे लोणचं कोणाला मिळालं नाही.

अशात माझ्या भाचीसाठी ठाण्याच्या खोपटचं एक स्थळ आलं. याआधी पोरीने चार-पाच मुलांना काही ना काही खुसपट काढून नाकारलं होतं. या मुलाचा फोटो परत पाठवायची वेळ आली तेव्हा मात्र तिने तो पुन्हा मागून घेऊन पाहिला, त्यातच आम्ही काय ते समजलो. पाहुणे येणार होते त्या रविवारी नेमकी संकष्टी, आणि मुलाच्या आईचा उपास. म्हणून पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी ठरली. ताई भाचीला साडी नेसवायला वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे घेऊन गेली, मी केळी आणायला गेलो. "दाराकडे लक्ष ठेवा," एवढं एकच काम भाऊजींकडे होतं. पण तेवढ्यात गेममध्ये धुकं पडलं.

पाहुणे वेळेच्या बरेच आधी आले. बेल वाजेना म्हणून त्यांनी दारावर थापा मारल्या. भाऊजींना वाटलं, शत्रू पाण्यात बॉम्ब टाकतोय. ते आणखी खोल गेले. मग कोणीतरी लांबलचक खोकलं. समोरच्या जहाजावर कोणाला तरी दमा आहे, एवढीच त्यांनी नोंद घेतली. मी केळी घेऊन परतलो तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, "तुमचे पाहुणे येऊन गेले. दार आतून बंद, पण कोणी उघडेना. मुलगी द्यायची नव्हती तर बोलावलं कशाला, असं म्हणत होत्या त्या बाई."

वरून खाली आलेली ताई ते ऐकून जिन्यातच बसली. मी तिच्या किल्लीने दार उघडलं, तशी भाची आत गेली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. त्या बंद दाराकडे बघत भाऊजींनी भर समुद्रात कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. हे आजवर कधी झालं नव्हतं.

"अहो, बघताय काय, स्टेशनवर धावा," ताई म्हणाली.

"धुक्यात मागे धावायचं नाही," भाऊजी चप्पल घालत म्हणाले. "ते कुठे जाणार ते ओळखायचं आणि आधी तिथे जाऊन गप्प उभं राहायचं. बाईंना संकष्टीचा उपास आहे. डोंबिवलीत येऊन गणपतीचं दर्शन न घेता जातील का?"

आम्ही दोघं गणपतीच्या देवळात पोचलो, तर तिथे ही गर्दी. मी तो फोटो पाहिला नव्हता, आणि भाऊजींनी पाहिला होता तो वादळ चालू असताना. म्हणजे पाहुणे ओळखणार कोण? भाऊजी चपलांच्या स्टँडजवळ उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. ध्यान लागलंय समजून एका आजींनी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. माझा धीर सुटत चालला होता. इतक्यात मागे कोणीतरी लांबलचक खोकलं. भाऊजींनी डोळे उघडले आणि खोबऱ्यासकट हात जोडून ते एका गृहस्थांसमोर उभे राहिले.

"मी मुलीचा बाप. मघाशी दारात तुम्ही खोकलात, ते ऐकलं मी."

"ऐकलंत? मग दार का नाही उघडलं?"

भाऊजींना बरं नव्हतं, असं मी सांगणार होतो, पण ते कुठले थांबायला. "मी पाणबुडीत होतो हो. कॉम्प्युटरवरच्या. माझं चुकलं. मुलीचा काही दोष नाही, ती सकाळपासून तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय."

 मागे उभ्या असलेल्या मुलाला हसू आवरेना. मुलाच्या आईने शांतपणे नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही मॅच लागली की दार उघडता का कधी? चला, माणूस खरं बोलतोय." खिचडी गार झाली होती, तरी सगळ्यांनी मागून मागून खाल्ली.

लग्न डोंबिवलीतच झालं. पाठवणीच्या वेळी ताई रडली, मी रडलो, भाऊजी मात्र सगळ्यांच्या पिशव्या गाडीत चढवत होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"अरे, निघून गेले होते ना ते? मीच शोधून आणले."

"बरं केलंत, भाऊजी."

"हो, बरंच केलं," असं म्हणून ते रस्त्याकडे बघत राहिले.

मला त्यांची फार माया आली. "खोपट काही लांब नाही," मी म्हटलं.

"लांब नाही रे," भाऊजी म्हणाले. "पण घरातून दिसत नाही."