दोन बोटं दस्ता

मी पेशानं फिटर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षं लोखंडात लोखंड बसवतोय. माझ्या खिशात पेन नसेल, पण बारीक माप घ्यायचा व्हर्निअर असतो. शाफ्ट केसभर जास्त जाड निघाला तर मी समोरच्याला असं काही ऐकवतो, की तो दोन दिवस डबा खायला दुसऱ्या शेडमध्ये जातो. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, हा माणूस शिंपी असावा, आणि तोही गिऱ्हाईक नसलेला.

आमची ही शाळेत मराठी शिकवते. कॉलेजात एनसीसीत होती, तिथे बंदूक चालवून बक्षीस मिळवलं होतं. मग लग्न झालं, सरावलीच्या दोन खोल्या आल्या आणि नेम धरायला फक्त मी उरलो. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं, की बोईसरला एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर छर्ऱ्याच्या बंदुकीची रेंज निघालीय. तिनं मला विचारलं नाही, कळवलं. मी सोबत म्हणून जायला लागलो. सोबत म्हणजे मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दोन कप चहा.

बंदूक जुनी घेतली. बदली होऊन निघालेल्या एका सहाफुटी गृहस्थांची. अक्रोडाच्या लाकडाचा सुंदर दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. नव्या बंदुकांचा दस्ता मागेपुढे सरकवता येतो. हा त्या गृहस्थांच्या हातांना साजेसा कायमचा लांब होता. आमची ही पाच फूट एक इंच. खांद्याला दस्ता लावला की बोट घोड्यापर्यंत जेमतेम पोचायचं, कंबर मागे वाकायची आणि मान पुढे ताणायची, खिडकीतून शेजाऱ्यांचं भांडण बघावं तशी.

रेंजवरचे सर निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, "मॅडम, बंदूक तुम्ही नाही धरलेली. तिनं तुम्हाला धरलंय. पालघरच्या स्पर्धेआधी दस्ता कमी करून घ्या."

ती स्पर्धा पुढच्या रविवारी होती. तिथे ठरलेले गुण मिळाले तर राज्याच्या स्पर्धेला जाता येणार होतं, नाहीतर वर्षभर थांबा. सरावात ही त्या गुणांच्या जवळ जाऊन तीन-चार गुणांनी मागे राहायची, आणि रात्री भाजीत मीठ जास्त पडायचं. मी पाणी प्यायचो.

सरांनी सांगितलं त्याच दिवशी तिनं जाडजूड कॅनव्हासचं जॅकेट चढवलं, नीट सरळ उभी राहिली, बंदूक जिथे हवी तिथे धरली आणि मागे उरलेल्या लाकडावर बोटं ठेवून म्हणाली, "दोन बोटं जास्त आहे."

मी मान हलवली.

त्या क्षणी खिशातला व्हर्निअर मी बाहेर काढायला हवा होता. पण 'दोन बोटं' हे आपल्याकडे पूर्ण माप आहे. भातावर पाणी दोन बोटं. ब्लाउज दोन बोटं सैल. आणखीही एका ठिकाणी दोन बोटं मोजतात, पण त्याचा उल्लेख मी घरात करत नाही. आजवर या मापानं कुणाचं बिघडलं होतं? निदान भाताचं तरी नाही.

आता कापणार कोण? बोईसरचे फर्निचरवाले प्लायवूडचे भक्त. अक्रोडाचा दस्ता दाखवल्यावर एक कारागीर म्हणाला, "इसपे सनमायका मारना है क्या?" मी दस्ता त्याच्या हातातून काढून घेतला. मग कुणीतरी सांगितलं, खऱ्या लाकडाला हात लावणारा माणूस हवा तर सातपाटीला जा, होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. मला सातपाटी म्हटलं की ताजे बोंबील दिसतात. मी लगेच तयार झालो.

नळी, कळ वगैरे सगळं काढून घरी ठेवलं आणि नुसता दस्ता चादरीत गुंडाळून स्कूटरवर निघालो. बंदरावर मासळी विकणाऱ्या एका मावशीनं विचारलं, "भाऊ, मुसळ घेऊन कुठं चाललाव?"

"मिस्त्रींकडे."

"बायकोनं मारून तोडला का?" शेजारच्या दोघी हसल्या. मी त्यांच्याकडूनच बोंबील घेईन असं कबूल करून सुटलो.

मिस्त्री किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीखाली बसले होते. सत्तरीचे, उघडे, कानावर पेन्सिल. त्यांनी दस्ता हातात घेतला, बोटांनी चाचपला, नाकाशी नेऊन वास घेतला.

"लाकूड चांगलं हाय. काय करायचा?"

"मागून दोन बोटं कमी करायचं."

"दोन?"

"दोन."

"बसा."

मी बसलो नाही, बोंबील आणायला गेलो. पंचवीस वर्षांत कुणी माझ्या मशिनवर काम टाकून मासळी आणायला गेला असता, तर मी त्याला पुन्हा शेडमध्ये घेतलं नसतं.

परत आलो तेव्हा दस्ता तयार होता. कापही असा सरळ, की माझ्या करवतीला लाज वाटावी. मागचं रबरही पुन्हा बसवून दिलेलं. फक्त तो दस्ता मला ओळखू येईना, इतका आखूड झाला होता.

"मिस्त्री, हे जरा जास्त झालं नाही?"

"तुमी दोन बोटं सांगितलीत. मी दोन बोटं कापली. तिसरा लावला नाय." आणि त्यांनी माप म्हणून आपली दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली.

ती बोटं नव्हती. वसईची राजेळी केळी होती. जन्मभर लाकूड तासायचा वाकस आणि दोरखंड धरून एकेक बोट माझ्या दीड बोटाएवढं झालेलं. माझ्या हिच्या बोटांच्या हिशेबात त्यांनी सरळ सव्वातीन कापली होती.

"कापलेला तुकडा कुठे आहे?"

त्यांनी हनुवटीनं होडीकडे दाखवलं. होडीच्या पोटाखाली, एका टेकूच्या सांध्यात, माझा अक्रोडाचा तुकडा पाचर म्हणून ठोकलेला होता.

"काढला तर होडी कलंडेल," ते शांतपणे म्हणाले. "वरती माझा पोरगा हाय."

होडीत बसून डांबर लावणाऱ्या चाळीस वर्षांच्या त्या पोरग्यानं वरून माझ्याकडे पाहिलं. मी तुकड्याचा विषय सोडला.

घरी पोचेपर्यंत मी तीन भाषणं तयार केली. एकात दोष मिस्त्रींचा होता, दुसऱ्यात मराठी भाषेचा. तिसऱ्यात माझाही थोडा होता, पण ते मी पाम गावाच्या वळणावरच रद्द केलं. घरी हिनं बंदूक जोडली, जॅकेट घातलं, खांद्याला लावली. अंगठा थेट नाकाला लागला. नेम धरायची मागची छिद्राची डबी डोळ्यात जाते की काय असं झालं. तिनं बंदूक खाली घेतली, कापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुणाची बोटं?"

मी भाषणं विसरलो. "मिस्त्रींची."

"आणि तुमची कुठे होती?"

मी बोंबलाची पिशवी पुढे केली. तिनं ती घेतली, ओट्यावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तीन दिवस आहेत हो," आणि जॅकेटची बटणं काढू लागली. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की रविवारी पालघरला एक बंदूक जाणार नव्हती, माझी बायको जाणार होती. वीस-पंचवीस वर्षांनी.

मी सरांना फोन केला. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "लाकूड आणि रबर यांच्यामध्ये चकत्या घाला. नियमात बसतं. पण या वेळी माप घ्या."

चकत्या कशाच्या? लाकूड शोधायला वेळ नव्हता. मी स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघत होतो, तेवढ्यात हिनं भाजी चिरायची पांढरी प्लॅस्टिकची पाटी माझ्या हातात दिली. "सात मिलिमीटरची आहे."

"तुला काय माहीत?"

"मोजा."

मी व्हर्निअर लावला. सहा पॉइंट नऊ आठ. ती हसली. त्या संध्याकाळचं तिचं ते एकच हसू.

मग दोन संध्याकाळी मी पाटीच्या चकत्या कापत होतो. ही डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायची. समोरचं वर्तुळ आपसूक मागच्या छिद्राच्या मधोमध दिसलं तर माप बरोबर, मान हलवावी लागली तर चूक. दोन चकत्यांना कमी, चार चकत्यांना जास्त. तीन लावल्यावर ती म्हणाली, "थोडं." मी विचारलं, "थोडं म्हणजे किती?" ती म्हणाली, "आता बोटं सांगू?" मी तिसरी चकती कानशीनं घासत बसलो. घासायची, लावायची, तिनं डोळे मिटायचे. एकदा डोळे उघडून ती तशीच उभी राहिली, मान सरळ, कंबर सरळ, खांदा सैल. मी हळूच स्क्रू आवळले.

पालघरला तपासणीच्या टेबलावर एका गृहस्थांनी दस्ता उलटसुलट केला. अक्रोडाच्या मागे तीन पांढरे थर, त्यांतल्या एकावर हळदीचा डाग. त्यांनी पट्टी लावून मोजलं, वासही घेतला. "कांदा?" त्यांनी विचारलं. "घरचं आहे," ही म्हणाली. त्यांनी शिक्का मारला.

ती नेम धरून उभी राहिली तेव्हा मागे बसलेले सगळे समोरच्या कागदांकडे बघत होते. मी एकटा तिच्या खांद्याकडे बघत होतो. प्रत्येक गोळीनंतर ती दस्ता खाली घ्यायची, पुन्हा लावायची, आणि तो दरवेळी त्याच जागी जायचा. मान एकदाही ताणली नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "तुमच्या मॅडमचे किती झाले?" मला माहीत नव्हतं. स्क्रू ढिला तर होत नाही ना, एवढंच मी बघत होतो.

संपलं तशी ती जॅकेटची बटणं काढत बाहेर आली. घामानं कपाळ ओलं.

मी विचारलं, "बसला का खांद्यात?"

"छर्रे कुठे बसले ते विचारा की."

मी विचारलं. हवे होते त्यापेक्षा दोन गुण जास्त होते.