निरंक लिहिणारी सिस्टर

सुषमा सिस्टरला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. तीस वर्षांत आपल्या ड्युटी चार्टवर एकही चौकट रिकामी राहिली नाही, याचा. लोक दागिन्यांचा अभिमान बाळगतात, पोरांच्या मार्कांचा बाळगतात, नाहीतर एकरी उसाच्या टनांचा. हिनं चौकटींचा बाळगला.

दौंड तालुक्यातलं तीस खाटांचं सरकारी रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही. अशी रुग्णालयं पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची कथा थोडीफार हीच आहे. तिथं नर्सच्या मंजूर जागा नऊ. भरलेल्या सहा. त्या सहांतली एक बाळंतपणाच्या रजेवर, एक दुसरीकडं प्रतिनियुक्तीवर. उरल्या चार, आणि त्या चौघींतली एक इनचार्ज म्हणजे खुद्द सुषमा. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सात दिवस आणि बायका चार. हे गणित शाळेतल्या पोराला घातलं तर ते म्हणेल, बाई, उदाहरण चुकलंय. सुषमा ते दर महिन्याला सोडवून दाखवायची.

सोडवायची म्हणजे काय, तर एक डबल ड्युटी स्वतःला लावायची, एक अंकिताला. कुणाची सुट्टी पुढं ढकलायची, कुणाची मोडायची. मोडायची तर फोन करायचा. "अगं, दोन तास ये फक्त," असं म्हणायची आणि त्या दोन तासांचे आठ व्हायचे. चार्ट असा गच्च भरला की महिन्याचा अहवाल वर पाठवायचा. त्यात एक रकाना असतो, 'मनुष्यबळाअभावी बाधित झालेल्या सेवा'. त्यापुढं ती वळणदार अक्षरात लिहायची, 'निरंक'. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही. सुषमाला मात्र ती आपली पदवी वाटायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अंकितानं राजीनामा दिला. 'वैयक्तिक कारणास्तव', एवढंच लिहिलेलं. महिनाभराची नोटीस.

अंकिता चोवीस वर्षांची, इनामगावची, अकरा महिन्यांच्या करारावर आलेली. दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायची. तिचा हात फार हलका. तान्ह्या पोराची शीर इतरांना दहा ठिकाणी शोधावी लागायची, तिला एकदाच. ती गेली तर उरल्या तीन, आणि तिघींत लेबर रूम चालत नाही, कुलूप लागतं. दीड वर्षावर निवृत्ती आलेली असताना आपल्या हातानं ते कुलूप लावायचं, ही कल्पनाच सुषमाला सोसवेना. अंकिताला काहीही करून थांबवायचं, असं तिनं ठरवलं.

कारण तिला विचारायची गरजच वाटली नाही. कारण ठाऊक होतं. आजवर पाच पोरी सोडून गेल्या होत्या आणि पाचही लग्न ठरल्यावर गेल्या. आपल्याकडं स्थळ बघताना नर्स मुलगी चालते, पगार तर फारच चालतो. फक्त रात्रपाळी चालत नाही. पेशंटच्या उशाशी जागणारी बाई सगळ्यांना हवी असते, ती दुसऱ्याच्या घरातली असली म्हणजे झालं. सुषमानं हे स्वतः भोगलं होतं. तिची सासू वच्छलाबाई जिवंत असेतो रात्रपाळीच्या नावानं बोटं मोडायची. सासरे रखमाजी मध्ये पडले म्हणून नोकरी टिकली. तेव्हा अंकिताच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांना गाठायचं आणि चार शब्द सुनवायचे, असा तिचा बेत. ते चार शब्द तिनं दोन दिवस घोकले. यवतहून किलोभर पेढे घेतले आणि न्हावऱ्यापर्यंत एसटीनं, पुढं जीपनं इनामगाव गाठलं.

घोड नदीच्या अंगाला, गावापासून जरा लांब अंकिताचं घर होतं. ओट्यावर तिची आई नीलम कांदे निवडत बसली होती. पेढे बघून ती चक्रावली.

"लगीन? कुणाचं, सिस्टर?"

"अंकिताचं. म्हणून तर सोडतीय ना?"

"आवो, आजून एक स्थळ बघितलं न्हाई. तुमाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. ठाऊक होतं, एवढंच. सुषमा पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन खुळ्यासारखी बसून राहिली. घोकलेले चार शब्द आता कुणाला ऐकवायचे?

अंकिता आतून पाणी घेऊन आली. तिला रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत फर्स्ट एड रूममध्ये नोकरी मिळाली होती. बस न्यायला-आणायला, रविवारी सुट्टी, काम म्हणजे कापलेल्या बोटांना पट्ट्या बांधणं. पगार थोडासाच जास्त.

"एवढी शिकलीस ती पट्ट्या बांधायला?" सुषमाचा आवाज चढला.

"सिस्टर, सुट्टीच्या दिवशी तुमचा फोन वाजला की आई काय करते, म्हायती हाय?"

नीलम खाली मान घालून म्हणाली, "डबा भरायला घेते. पोरगी जाणार हे ठरल्यालंच आसतं."

मग अंकितानं जे सांगितलं ते तिनं तोवर आईलाही सांगितलं नव्हतं. जानेवारीत सलग तिसऱ्या डबल ड्युटीला तिनं एका म्हातारीसाठी इंजेक्शन भरलं. म्हातारीचा हात पुसायला कापूस घेतला तेव्हा, ज्यावरून औषध भरलं तो केसपेपर नजरेला पडला. नाव दुसऱ्याच बाईचं. सुई टोचायची तेवढी बाकी होती. तिनं ते इंजेक्शन टाकून दिलं, बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि उरलेली ड्युटी पुरी केली. कुणाला कळलं नाही.

"मला काम नको झालं न्हाई, सिस्टर. माझ्या हातून माणूस जाईल म्हणून सोडतीय. आन् तुमच्याकडं बघून भ्या वाटतं. तुम्ही रिटायर झाला की त्या खुर्चीत मी."

"आम्ही न्हाई का काढली तीस वर्षं?"

"काढली की. तुम्ही दर म्हैन्याला निरंक लिहून पाठवता. वरच्यांच्या कागदावर आपल्याकडं कायच कमी न्हाई. मग रिकाम्या तीन जागा कोण कशाला भरील?"

सुषमाला राग आला. चहा अर्धा टाकून ती उठली. पेढे तिथंच राहिले.

जीपमध्ये बसल्यावर राग उतरू लागला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. आजवर आपण जिला निष्ठा म्हणत आलो तिनंच या पोरीला पळवलं, हे तिला दिसत होतं आणि मान्य करवत नव्हतं. त्या आधीच्या पाच पोरी तरी खरंच लग्नासाठी गेल्या होत्या का? का लग्न हे न भांडता सुटायचं एक बरं निमित्त होतं? तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिला लाज वाटली.

तिचं घर राहू गावात. सासरे रखमाजी आप्पा अंगणात खाटेवर बसलेले. वय ऐंशीच्या पुढं. आता शेती आहे, पण निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. सुषमानं त्यांना सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आप्पा, तुमच्या वाड्यावर कुणी आजारी पडलं तर बाकीचे त्याची राखण करायचेच ना? न बोलता? मी तेच केलं."

वाडा म्हणजे मेंढपाळांचा फिरता कबिला.

"करायचो. दोन दिस, चार दिस. त्येच्यावर न्हाई."

"मग?"

"मग काय? मानूस कमी पडला तर मेंढरं कमी करायची. पावण्याच्या वाड्यात घालायची निम्मी. एक मानूस किती मेंढरं राखंल ह्ये ठरल्यालं आसतंय, पोरी. वर ठिवली तर लांडगं नेत्यात. आन् मग त्यो राखण्या दुसऱ्या साली येत न्हाई."

"मेंढरं देताना वाईट नाही वाटायचं?"

"वाटायचं की. पर धनी यायचा मग. मेंढरं दुसरीकडं गेली म्हनल्यावर धनी पळत यायचा, आन् मानूस घिऊन यायचा."

सुषमानं दुसऱ्या दिवशी वर्षभराचे जुने चार्ट काढले आणि लाल पेन घेऊन बसली. ज्या पाळीला मागच्याच पाळीतली बाई पुढं ओढली होती, तिथं खूण. खुणा झाल्या एकशे बारा. चार बायकांनी वर्षभरात एकशे बारा पाळ्या न झोपता काढल्या होत्या आणि त्याचा कुठंही उल्लेख नव्हता. त्यातल्या सदतीस तिच्या स्वतःच्या होत्या. ते बघून तिला पहिल्यांदाच अभिमान वाटला नाही.

मग तिनं नवा चार्ट केला. चार बायकांनी जेवढं होतं तेवढंच भरलं, बाकीच्या चौकटी कोऱ्या ठेवल्या. अहवालाच्या रकान्यात एकशे बारा पाळ्या तारखांसह लिहिल्या आणि तो अधीक्षक डॉक्टर सत्यजीत यांच्यापुढं ठेवला.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, पण कागदाला भिणारा होता. "सिस्टर, खुलासा मागतील. इतके दिवस निरंक कसं होतं म्हणून."

"मागू द्या. खोटं लिहीत होते म्हणून लिहीन. सही माझी आहे."

खुलासा आठ दिवसांत मागितला. लाल शाईत, 'त्वरित' असा शेरा मारून. माणूस मागितला तर वर्षं लागतात, खुलासा मात्र आठ दिवसांत येतो. सुषमानं दोन पानं खरं खरं लिहून पाठवलं. त्यानंतर प्रतिनियुक्तीवर गेलेल्या नर्सला पंधरा दिवसांत परत पाठवत असल्याचं पत्र आलं. नऊपैकी रिकाम्या तीन जागांचं काहीच आलं नाही.

अंकिताला तिनं बोलावून घेतलं, नवा चार्ट दाखवला. "सुट्टीला फोन करणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

"बघते," अंकिता म्हणाली. कंपनीनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि खरं सांगायचं तर सुषमाचाही स्वतःवर बसला नव्हता.

परीक्षा आली ती रविवारी. अंकिताला सुट्टी होती, पण या खेपेला ती इनामगावला गेली नव्हती. खोलीवरच होती, दवाखान्यापासून पाच मिनिटांवर. दुपारच्या पाळीला सुषमा एकटी. वॉर्डात एकोणीस पेशंट, त्यात सकाळीच आलेला साप चावलेला ऊसतोडीचा मजूर. त्याच्यावरून नजर हटवायची सोय नाही. चारच्या सुमाराला ताईबाई तिच्या सुनेला, सायलीला घेऊन आली. पहिलटकरीण, कळा नुकत्याच सुरू झालेल्या, अंगावर सूज, बीपी वाढलेलं. ताईबाई राहूचीच, सुषमाच्या शेजारची. तिच्या दोन्ही लेकींची बाळंतपणं सुषमाच्या हातची.

अशा बाईजवळ एक नर्स न हलता बसायला हवी. सुषमानं फोन काढला. अंकिताचा नंबर सगळ्यात वर होता, कारण सगळ्यात जास्त वेळा तोच लावलेला. अंगठा त्यावर ठेवला. पाच मिनिटांत पोरगी येईल, सायलीची सुटका इथंच होईल, ताईबाई सगळ्या राहूत कौतुक करेल. आणि आज एकदा केला की पुढच्या रविवारी पुन्हा करेन, हेही तिला कळत होतं. तिनं फोन खिशात टाकला आणि डॉक्टरांकडं गेली.

"सर, या पाळीला मी एकटी आहे. सापाचा पेशंट सोडून लेबर रूमला बसता येणार नाही. आत्ता निघाली तर दौंडला वेळेत पोचेल."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, सायलीला तपासलं, औषध दिलं, दौंडला फोन करून कळवलं आणि एकशे आठची ॲम्ब्युलन्स मागवली.

ताईबाई खवळली. "आमच्याच सुनंला लावून देता व्हय? ती अंकिता खोलीवर हाय की, येताना दिसली. बोलवा तिला."

"तिची सुट्टी हाय, ताईबाई."

"सुट्टी?" नर्सला सुट्टी असते हे ताईबाईनं जणू पहिल्यांदाच ऐकलं. "तुमी आशा नव्हता, सिस्टर."

"न्हवते," सुषमा म्हणाली. आणखी बोलली असती तर रडू आलं असतं.

गाडी गेली. त्यानंतरचे चार तास तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. सापवाल्याचं सलाइन बदललं, एकोणीस जणांना औषधं दिली, आणि दर दहा मिनिटांनी दाराकडं बघत राहिली. दौंडला साडेसातला मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे तिला डॉक्टरांकडून कळलं. ताईबाईनं कळवलं नाही, आणि ते तिला फार लागलं. कामाच्या वहीत तिनं लिहिलं, 'दुसरी नर्स उपलब्ध नसल्यामुळे प्रसूतीचा रुग्ण दौंडला पाठवला.'

सोमवारी सकाळी अंकिता आली. केस धुतलेले, डोळे झोपेनं निवलेले. नेहमीप्रमाणे कामाची वही उघडून आदल्या दिवसाची नोंद वाचली. मग पुन्हा वाचली.

"सिस्टर, मी हितंच होते की. खोलीवर. मी आले असते."

"माहीत आहे मला," सुषमा म्हणाली. "म्हणूनच फोन नाही केला."

अंकितानं वही मिटली. मग म्हणाली, "कंपनीला आज न्हाई म्हणून कळवते. पण सिस्टर, पुढच्या रविवारी पण फोन यायचा न्हाई."

"न्हाई येणार," सुषमा म्हणाली, आणि दोघी वॉर्डात गेल्या.