लेसने कानात सांगितलेली उत्तरं

आर्नी हेपवर्थचं नाक किती वेळा मोडलं, हे त्याच्या बायकोलाही आठवत नसे. आठवडाभर यॉर्कशरच्या कोळशाच्या खाणीत राबायचं आणि शनिवारी गावच्या क्लबकडून रग्बी लीग खेळायची. दोन्ही संघांचे धिप्पाड गडी डोक्याला डोकं भिडवून रेटारेटी करतात त्या स्क्रममध्ये तो पहिल्या फळीत असे. देशाकडून ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्याचा जबडा फुटला. टॉवेलाने बांधून तो शेवटपर्यंत खेळला. "मला काय तिथे भाषण करायचं होतं?" असं नंतर म्हणायचा.

लेस पिकर्सगिल फळीत त्याच्या शेजारचा. बुटका, काटक. दोन्ही बाजूंच्या दांडगटांच्या खांद्यांवर हात टाकून लोंबकळायचा आणि चेंडू पायाने मागे ओढायचा. त्याचं तोंड नेमकं आर्नीच्या डाव्या कानाशी यायचं.

डोक्याला मार बसला की क्लबचा मलमपट्टीवाला वॉल्टर बादली नि स्पंज घेऊन धावत यायचा. मानेवर गार पाणी पिळून विचारायचा, "आज कोणाशी खेळतोयस? वार कोणता?" उत्तर चुकलं की गडी बाहेर. तेव्हा बदली खेळाडू नसत. एक गडी गेला की उरलेल्यांची हाडं खिळखिळी. म्हणून शेजाऱ्याने हळूच उत्तर पुरवायचं, ही रीतच होती.

"हॅलिफॅक्स," लेस पुटपुटायचा.

"हॅलिफॅक्स!" आर्नी ओरडायचा.

वॉल्टरला सगळं ऐकू जायचं. तरी तो पाठीवर थाप मारून म्हणायचा, "ठणठणीत आहे गडी. ऊठ."

कितीदा तरी आर्नी घरी येऊन बायकोलाच विचारायचा, "आपण जिंकलो का गं?" पबमध्ये हा किस्सा निघाला की लोक हसून लोळायचे. सगळ्यात जास्त आर्नीच हसायचा.

खाण बंद पडली, वॉल्टर गेला, गुडघे गेले. मग एक दिवस आर्नीच्या बायकोने, डोरीनने, लेसला दारातच गाठलं.

"काल त्याने बूट ओव्हनमध्ये ठेवले."

"वय झालंय गं त्याचं."

"तुझं नाही झालं? तुझे बूट कुठे आहेत?"

लेसने नकळत पायांकडे पाहिलं.

तिला एकटीला आर्नी आवरत नव्हता. डॉक्टरने विसरण्याचा आजार लिहून दिला तर घरी मदतीला माणूस मिळणार होता. पण आर्नीच्या डोक्यात एकच बसलं होतं: डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की टेकडीवरच्या म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन टाकतील. "बायकोसमोर परीक्षा देणार नाही," म्हणून त्याने डोरीनला बाहेर बसवलं आणि लेसला आत नेलं. जाताना दंड धरून म्हणाला, "मला बाहेर काढू देऊ नकोस हं."

डॉक्टर पाठमोरा होऊन टाइप करत प्रश्न विचारत होता. लेसचं तोंड आपोआप त्या डाव्या कानाशी गेलं. वार, महिना, पंतप्रधान. आर्नीने एकही उत्तर चुकवलं नाही.

"वयाच्या मानाने उत्तम," डॉक्टर म्हणाला.

बसमध्ये डोरीन लेसपासून दूर, पुढच्या बाकावर जाऊन बसली.

हिवाळ्यात आर्नी फिरून भिजून आला. ओला कोट काढावा म्हणून डोरीनने मागून बाही ओढली. तो गर्रकन वळला, खांदा खाली घातला आणि सगळं वजन टाकून तिच्यावर गेला. ती शेगडीच्या कडेवर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. आर्नी तिच्याकडे बघत उभा राहिला आणि कुजबुजला, "रेफरीने पाहिलं का?"

लेस भेटायला आला तेव्हा तिचा हात झोळीत होता.

"तुला मी दोष देत नाही, लेस. तुमची सवयच ती. फक्त या वेळी तोंड बंद ठेव."

लेसने कप खाली ठेवून मान हलवली.

पुन्हा तीच खोली, तोच डॉक्टर.

"मिस्टर हेपवर्थ, आज वार कोणता?"

आर्नीने डावा खांदा किंचित खाली केला, लेसचा हात सहज पडावा म्हणून, आणि कान पुढे केला. लेस जमिनीकडे बघत राहिला.

"लेस," आर्नी हळूच म्हणाला. "अरे, सांग की."

टाइप करणं थांबलं. डॉक्टर वळला. "तुम्हीच सांगा, मिस्टर हेपवर्थ."

आर्नीने मान वळवून लेसकडे पाहिलं. त्या मोडक्यातोडक्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला काही उमगतच नव्हतं.

"याने हात सोडला," तो डॉक्टरला म्हणाला. "असा नव्हता हो हा."

लेसने घाईघाईने त्याच्या खांद्यावर हात टाकला. आर्नीने तो काढून ठेवला.

"म्हणजे मी बाहेर, ना?"

डॉक्टर पुन्हा टाइप करू लागला. आर्नीने टोपी उचलली आणि मान खाली घालून निघाला. बाहेर काढलेला गडी कुठून जातो, हे कळायची वेळ त्याच्यावर जन्मात आली नव्हती. तो भिंतीतल्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला आणि कोणीतरी ते उघडेल म्हणून वाट पाहू लागला.