बाळंतपणाच्या पुस्तिकेचा हक्क

सोलापुरात विणकरांच्या वस्तीत म्युनिसिपालिटीचा एक लहान दवाखाना होता. तिथं मी नर्स होते. त्या काळी, इंग्रजी अमलात, बायका बाळंतपण अडल्याशिवाय दवाखान्यात येत नसत, घरीच सुईण बोलावत. नाळ विळ्यानं कापायची आणि वर शेणाची राख दाबायची, ही रीत. आठवड्याभरात मूल धनुर्वातानं आकडायचं, जबडा मिटायचा. मग आम्हाला बोलावणं यायचं, आणि करण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

माझ्याकडे पुण्याच्या एका डॉक्टरांची मराठी पुस्तिका होती. दोरा आणि कात्री कशी उकळायची, नाळ कुठं बांधायची, सगळं चित्रं काढून सांगितलेलं. पण वस्ती तेलुगू बोलणारी. सुईणींना वाचता येत नव्हतं, तरी त्यांच्या लेकीसुनांना तेलुगू अक्षर येत होतं. तिथल्या तेलुगू शाळेत एक विधवा बाई शिकवायच्या. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. मी मराठी वाचायची, त्या तेलुगूत लिहायच्या, असं आम्ही ते भाषांतर केलं. छपाईचे तेलुगू खिळे गावात मिळेनात, म्हणून उर्दू पत्रकं काढणाऱ्या एका शिळाछापवाल्यानं मास्तरीणबाईंचं अक्षर जसंच्या तसं दगडावर उतरवून छापून दिलं. आम्ही ते घरोघर फुकट वाटलं.

थोड्याच दिवसांत पुण्याच्या प्रकाशकाची नोटीस आली. परवानगीवाचून भाषांतर केलं, सगळ्या प्रती परत करा, नाहीतर कोर्टात या.

मी ओळखीच्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढून ठेवला.

"पुस्तक निघाल्यापासून दहा वर्षं भाषांतराचा हक्क त्यांचा. पुढं कुणीही करावं. याला आठ झाली. दोन वर्षं थांबा."

"बाळंतिणींना थांबायला सांगू?"

ते ओशाळले. म्हणाले, "शब्द त्यांचे आहेत, माहिती त्यांची नाही. तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहा की."

पण नर्सनं लिहिलेलं कोण मानणार, असं मला वाटलं. त्यापेक्षा प्रकाशकाला भेटून समजावू, म्हणून मी पुण्याला गेले.

त्यानं मला दुकानातल्या बाकावर ताटकळत ठेवलं. मग पान चघळत विचारलं, "तेलुगूत कोण घेणार हो?"

"विकायचं नाहीये. तुम्ही तेलुगूत काढणार असाल तर आम्ही आमचं मागं घेतो."

"आम्हाला परवडत नाही."

"मग आम्हाला काढू द्या. तुमचं काय जातं?"

"बाई, आज तुम्ही फुकट वाटाल, उद्या दुसरा वाटेल. मग आम्ही धंदा कशाचा करायचा?"

डॉक्टरांना विचारा म्हटलं, तर तो हसला. डॉक्टरांनी सगळे हक्क केव्हाच लिहून दिले होते. स्वतःच्या पुस्तकातलं पान छापायचं झालं तरी त्यांना याच्याकडेच यावं लागलं असतं. हे सांगताना त्यानं पिकदाणी ओढली आणि थुंकला. मी उठून थेट स्टेशन गाठलं.

सोलापूरला परतले तोवर त्याचा माणूस छापखान्यातले गठ्ठे घेऊन गेला होता. दगडावरचं अक्षरही त्यानं समोर उभं राहून घासून काढायला लावलं. शिळाछापवाला मला म्हणाला, "अच्छा काम था ना बाई, इनको क्या हुआ?"

वाटलेल्या प्रतीही गोळा करायच्या होत्या. मी आणि मास्तरीणबाई निघालो. पहिल्याच घरात दिवस भरत आलेली एक सून होती. तिनं तांदळाच्या डब्यामागून पुस्तिका काढली आणि मोडक्या मराठीत विचारलं, "चूक हाय का त्यात?"

"नाही."

"मग?"

मी मास्तरीणबाईंना म्हटलं, तुम्ही तेलुगूत समजावून सांगा. त्या म्हणाल्या, "हे मी नाही सांगणार. कुठल्या तोंडानं सांगू?"

"ठेव तुझ्याकडंच," मी त्या मुलीला म्हटलं. पुढच्या एकाही घरी आम्ही गेलो नाही.

दोन वर्षं आम्ही दारोदार तोंडीच सांगत राहिलो. मुदत संपत आली तेव्हा मी पुन्हा छापायच्या तयारीला लागले. तेवढ्यात, ज्याला तेलुगू परवडत नव्हतं त्याच प्रकाशकाचं तेलुगू पुस्तक बाजारात आलं. कागद रद्दी, चित्रं गायब, मागं केसांच्या तेलाची जाहिरात. मास्तरीणबाईंनी उभ्याउभ्याच वाचलं. 'कात्री उकळा' होतं तिथं 'गरम पाण्यातून काढा' झालं होतं. त्यांनी ते मिटलं आणि मोरीत जाऊन हात धुतले.

"हे कशासाठी काढलं यांनी?" मी वकिलांना विचारलं.

"कुलूप घालायला. दहा वर्षांच्या आत त्यांनी स्वतः तेलुगू काढलं, की तेलुगूपुरता तो हक्क दहा वर्षांनी सुटत नाही. हक्क त्यांच्याकडेच."

"चुकीचं काढलं तरी?"

"बरं की वाईट, कायदा विचारत नाही."

हा कायदा बदलावा, निदान आरोग्याच्या पुस्तकांना तरी मोकळीक असावी, असा अर्ज वकिलांनी सरकारकडे धाडला. त्याला उत्तर आलं नाही. मला रात्रंदिवस तो पान चघळणारा चेहरा दिसायचा, आणि अन्न गोड लागायचं नाही.

शेवटी मास्तरीणबाईच चिडल्या. "नर्सबाई, मूल डॉक्टरांच्या हातात येतं का तुमच्या? तुम्ही सांगा, मी लिहिते."

मग मी माझ्या हातांना ठाऊक असलेलं सांगत गेले, त्या थेट तेलुगूत लिहीत गेल्या. चित्रं शाळेतल्या मुलींनी काढली. पहिल्या पानावर छापलं: ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं, छापावं, वाटावं. पुस्तिका वस्तीत गेली, तिथून हैदराबादकडेही गेली. आकडलेल्या मुलांसाठी येणारी बोलावणी पूर्ण थांबली नाहीत, पण कमी झाली.

एके दिवशी एक टोपीवाला गृहस्थ दवाखान्यात आला. पुण्याच्या त्याच दुकानाचा फिरता माणूस.

"शेठना तुमची पुस्तिका पसंत आहे," तो म्हणाला. "सगळे हक्क घेऊ म्हणतात. मराठीतही काढू."

मी वर पाहिलं तेव्हा तो आमच्या स्वच्छ टेबलावर कोपर टेकून उभा होता. मी त्याला कोपर उचलायला सांगितलं, फडकं घेतलं आणि टेबल कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यानं पुसायला लागले. "पहिल्या पानावर काय छापलंय ते शेठना सांगा," मी म्हटलं. मी पुसतच होते.