आईने पाहिलेलं वजन
तळहाताला लोखंडाचा वास लागला की मला बोईसरची ती पत्र्याच्या छपराची जिम आठवते. मी पंधरा वर्षांची होते, वजनं उचलायला नुकतीच शिकत होते. काकूने आईच्या मनात भरवलं, "पोरीची उंची खुंटली तर लग्न कसं जमायचं?" दुसऱ्या दिवशी बाजारात मासळी विकून आई थेट जिममध्ये आली, रिकामी टोपली दाराशी ठेवली आणि आमच्या सरांना म्हणाली, "खरं सांगा, इची उंची खुंटणार नाय ना?" सर म्हणाले, "नाही ताई. नीट शिकून, झेपेल तेवढंच उचललं तर उंचीला काही होत नाही. चुकीचं उचललं तर दुखापत होते, म्हणून मी समोर उभा राहतो." आई माझ्याकडे वळली. "मग उचल. मला बगू दे." मी वाकून लोखंडी बार धरला, उचलला, आणि तो डोक्यावर जाऊन तिथेच थांबला. आई धावत दाराशी गेली आणि बाहेर रिक्षाची वाट पाहणाऱ्या बायांना हाका मारू लागली, "या गो, माजी पोर बगा!" आज मी आईपेक्षा चार बोटं उंच आहे, आणि घरात लग्न असलं की फोटोसाठी ती मला मुद्दाम काकूच्याच शेजारी उभी करते.