दुपट्याच्या कोपऱ्यातल्या पादुका

प्रिय ईरा आणि निहार,

परवा फोनवर ईराने विचारलं, "आजी, मी बाळ असताना माझ्या डोक्याचे फोटो का काढले होते?" त्यावर तुमची आई मागून म्हणाली, "ते आजीलाच विचार, तिने काय घोळ घातला होता तेही विचार." फोनवर सांगताना माझं काहीतरी राहून जातं, म्हणून लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवील.

ईरा, तू अकरा आठवडे आधी आलीस. तुझी आई बाळंतपणासाठी माझ्याकडे पार्ल्याला आली होती, बाबा तिकडे तुमच्या घरीच होते. बाळंतविड्याची यादी मी नीट करून ठेवली होती, पण त्यातली पहिली वस्तू घरात यायच्या आत तू अंधेरीच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतीस. काही दिवसांनी डॉक्टरांनी तुझ्या टाळूवरून सोनोग्राफी केली. लहान बाळांची टाळू भरलेली नसते, म्हणून तिथून आतलं दिसतं. आत थोडा रक्तस्राव झाला होता. त्याने किती नुकसान केलं, हे लगेच कळणार नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत मेंदूला घड्या पडत जातात. हिच्या त्या पेटीत पडायच्या आहेत. जन्माची आधी ठरलेली तारीख येईल तेव्हा एमआरआय करून बघू.

त्या दिवसांत माझी पूजा नुसती हाताने चालली होती. मी लहानपणापासून रोज एक स्तोत्र म्हणते, आणि माझा एक नियम होता. मध्ये शब्द चुकला किंवा अडला, तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा रोज अडत असे. तीनतीनदा सुरुवात करून मी उठून जात असे. पूर्ण केलं नाही म्हणूनच पोरीला बरं वाटत नसेल, अशी भीती वाटे. आणि दुसऱ्याच क्षणी वाटे, ऐकणारं कोणी आहे तरी का?

तपासणीआधी डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. वेळेआधी जन्मलेल्या मुलांचे मेंदू कसे वाढतात याचा अभ्यास चालू होता. त्यासाठी तुझे फोटो नाव न लावता वापरले तर चालेल का? मी म्हटलं, माझ्या नातीचा नमुना करायचा नाही. तुमची आई म्हणाली, "आई, आधी कोणीतरी आपल्या पोरांचे फोटो दिले असतील ना गं? म्हणूनच हिचे वाचता येणार." आणि तिने सही केली. मला ते पटलं नव्हतं.

एवढ्याशा जिवाला गुंगीचं औषध द्यायचं नव्हतं. दूध पाजायचं, घट्ट गुंडाळायचं आणि आपोआप झोप लागली की मशीनमध्ये ठेवायचं. हलली तर फोटो फुकट, आणि पुढची वेळ कधी मिळेल याचा भरवसा नाही. गुंडाळायला घरचं सुती दुपटं चालेल म्हणाले. मी माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचं शिवलं, जरीचा एक धागा येऊ दिला नाही. तिथला फॉर्मही मीच भरला. 'बाळाच्या अंगावर किंवा कपड्यांत धातूची वस्तू आहे का?' या प्रश्नापुढे माझ्या चांगल्या इंग्रजी अक्षरात लिहिलं, नाही.

तू दूध पिऊन पेंगलीस. तिथल्या मावशी तुला गुंडाळू लागल्या. खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या होत्या, हात रुंद, आवाज मोठा. दुपट्याची कड चाचपता चाचपता त्या थांबल्या.

"आजी, हाताला कायतरी लागतंय."

मी म्हटलं, "काही नाही हो, ते देवाचं आहे."

दुपट्याच्या कोपऱ्यात मी चांदीच्या पत्र्यावरच्या दत्ताच्या पादुका शिवल्या होत्या, नखाएवढ्या. माझ्या आईच्या देव्हाऱ्यातल्या. मुलांनो, मी खोटं लिहिलं नव्हतं. देव धातूत मोडतो, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

मावशी हसल्या. "त्याला कशाला मशिनीत घालता? तो बराय. पोरीला तपासायचंय."

तुमची आई हसली नाही. "आई, तू फॉर्मवर 'नो' लिहिलंस," एवढंच म्हणाली.

माझी शिवण बारीक आणि पक्की. उसवायला वेळ लागला, तोवर तू जागी झालीस आणि रडायला लागलीस. बाहेर पुढचा पेशंट येऊन बसला. तंत्रज्ञ म्हणाले, दहा मिनिटं थांबू. मी तुला घेतलं आणि स्तोत्र सुरू केलं. चौथ्या ओळीला अडले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. तू लालबुंद झाली होतीस. तिसऱ्यांदा तोंडातून शब्दच फुटेना.

मावशींनी हात पुढे केले. "द्या इकडे. आणि ते पण द्या." पादुका त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि तुला खांद्यावर टाकलं. त्यांनी ना देवाचं नाव घेतलं, ना अंगाई म्हटली. नुसतं "हं हं, हं हं" करत पाठीवर थोपटत राहिल्या. माझं स्तोत्र जिथे तुटलं होतं, तिथून पुढचं त्याच म्हणताहेत असं मला वाटलं. मी भिंतीला टेकून हात रिकामे सोडून उभी राहिले. तू झोपलीस. कानांवर कापूस आणि पट्टी लावून तुला आत नेलं. मशीन खडखडत राहिलं, आणि तू हललीही नाहीस.

घड्या वयाच्या मानाने पडायला हव्या तशा पडल्या होत्या. रक्तस्रावाची जागा फिकट झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, चित्रावरून सगळं कळत नाही, वाढताना बघत राहू. तू उशिरा बसलीस, उशिरा चाललीस. आता कोलांट्या मारतेस.

पुढच्या तपासणीला मी मावशींसाठी नारळाच्या वड्या घेऊन गेले आणि सगळं आठवून सांगितलं. त्यांनी वडी तोंडात टाकली. "रोज कितीतरी पोरं झोपवते ओ आजी. तुमची कुठली, ते काय ध्यानात नाय." मला आधी वाईट वाटलं. मग घरी येताना रिक्षात वाटलं, ते किती बरं आहे. ज्या अनोळखी बाळांच्या फोटोंमुळे तुझे फोटो वाचता आले, त्यांनाही तू कुठे ठाऊक आहेस? रोज दिवा लावताना मी आता त्यांचीही आठवण काढते.

मावशींनी त्याच दिवशी पदरातून सोडून दिलेल्या पादुका पुन्हा देव्हाऱ्यात आहेत. दुपटं तुमच्याकडे आहे, त्याच्या एका कोपऱ्यात सुईची भोकं दिसतील. ती मी बुजवली नाहीत.

स्तोत्र अजून रोज म्हणते. आता वयामुळे जास्तच अडतं. पण मागे जात नाही. शब्द आठवेपर्यंत "हं हं" करत थांबते, आणि तो आला की तिथूनच पुढे म्हणते.

तुमची आजी